एरी सरोवर: जुलैत बाबांना गरवायला न्यायचंय. पर्च की वॉलाय?

देवगडचो_झील | ६ जुलै, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या पश्चिमेला राहतो. आईबाबा तीन महिन्यांसाठी आलेत. आईचं बरं चाललंय, तिला नात पुरते. बाबांचं अवघड झालंय. वय ६९. देवगडला रोज संध्याकाळी खडपावर गरी टाकून बसणारा माणूस इथे डेकवर बसून शेजाऱ्याचं गवत कापणं बघतोय.

परवा त्यांना एरीच्या काठावर नेलं. बराच वेळ गप्प उभे होते. मग वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. "मीठ नाय," म्हणाले. आणि लगेच, "भरती किती वाजता?" इथे भरती नसते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दहावीचा निकाल लपवतोय. घरी येऊन कालनिर्णय काढलं (हो, बॅगेत आणलंय) आणि तिथी बघून उधाण कधी, भांग (म्हणजे लहान भरती) कधी हे मला समजावून सांगितलं.

तर त्यांना एकदा नीट मासे धरायला न्यायचंय. इथले लोक पर्च आणि वॉलाय या दोनच माशांबद्दल बोलतात. जुलैत कुठला मिळेल? धक्क्यावरून जमेल की बोट लागेल? बाबांना परवाना लागतो का? मला स्वतःला यातलं शून्य कळतं. लहानपणी बाबांबरोबर जायचो, पण माझं काम डबा धरायचं.

तळ्यात_मळ्यात | ६ जुलै, सकाळी १०:४०

वाचतोय. ऑगस्टात सासरे येतायत.

गरीवाला | ६ जुलै, रात्री ९:०५

पर्च. डोळे मिटून पर्च.

आता कारण सांगतो. सोळा वर्षं सँडस्कीजवळ राहतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

एरी बाकीच्या चार महासरोवरांपेक्षा उथळ. त्यातही तीन भाग. पश्चिमेचं टोक, म्हणजे टोलेडोपासून बेटांपर्यंत, सरासरी २४ फूट. मधला भाग, तुमच्या क्लीव्हलंडसमोरचा, ६० फुटांच्या आसपास. पूर्वेला बफेलोकडे खोल होत जातं, सगळ्यात खोल जागा २१० फूट. वॉलाय मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायला पश्चिमेला येतो, मॉमी आणि सँडस्की नद्यांत चढतो, बेटांजवळच्या खडकांवर जमतो. पाणी तापलं की मोठे मासे थंड पाण्याच्या शोधात पूर्वेला सरकतात. त्यामुळे जुलैत ते तुमच्या घरासमोरून जात असतात हे खरं, पण किनाऱ्यापासून कित्येक मैल आत आणि मधल्याच कुठल्यातरी थरात. धक्क्यावरून तुमच्या गरीला ते हात लावणार नाहीत. धक्क्यावरचा वॉलाय म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, रात्री, बोटं गोठत असताना.

उन्हाळ्यात तो धरायचा तर बहुतेक चार्टर बोटी ट्रोलिंग करतात. बोट हळू चालत राहते, दोन्ही बाजूंना फळ्या सोडलेल्या असतात, त्या तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बोटीपासून लांब नेतात. खाली डायव्हर, म्हणजे दोरी खोल ओढणारी तबकडी, त्यामागे आमिष म्हणून चकचकीत पत्र्याचा चमचा. दांड्या कठड्याच्या खोबणीत उभ्या. एखादी वाकली की बोटीवरचा पोरगा ती तुमच्या हातात देतो आणि तुम्ही रीळ फिरवायचं. यात तुमच्या बाबांचं काम काय? दळण दळणं.

पर्च तळाशी राहतो, थव्याने फिरतो, दिवसा खातो. बोट नांगरायची, शीस (शिशाचं वजन) सोडायचं, तळाला टेकलं की वीतभर उचलायचं आणि बोटावर दोरा धरून थांबायचं. टक. टक टक. झटका द्यायचा. मासा वीतभराचा, हिरवट पिवळा, अंगावर काळपट पट्टे, पंख नारिंगी. आपल्याकडे गरवतात त्यापेक्षा यात काहीही वेगळं नाही. आमिष म्हणून एमराल्ड शायनर नावाचे चंदेरी बारके मासे मिळतात.

फक्त क्लीव्हलंडसमोर जाऊ नका. मधल्या भागात पर्चची गेली काही वर्षं रड आहे. ओहायोने २०२१ मध्ये तिथली रोजची मर्यादा माणशी ३० वरून १० केली. पश्चिमेला पोर्ट क्लिंटन किंवा मार्बलहेडला या, सव्वा तासाचा रस्ता. मर्यादा मेच्या सुरुवातीला बदलू शकतात, तेव्हा निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघाच.

खाडीपलीकडे | ६ जुलै, रात्री १०:३०

गरीवालांशी अजिबात सहमत नाही.

साता समुद्रापार वडलांना आणायचं आणि धरायला द्यायचं काय, तर बोटभर पर्च? वॉलाय हा या पाण्यातला राजा आहे. पोर्ट क्लिंटनवाले ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता वीस फुटी वॉलाय क्रेनने खाली सोडतात, पर्च सोडत नाहीत.

आणि वॉलाय म्हणजे ट्रोलिंग हा समज मोटरबोटवाल्यांनी पसरवलाय. मी डेट्रॉइटकडचा. आम्ही पश्चिम भागात इंजिन बंद करून वाऱ्यावर वाहत जातो. तळाला टेकत जाणारं शीस, मागे दोन गळ, मणी, फिरती पाती आणि अख्खं गांडूळ. दांडी हातातच असते. वॉलाय गांडुळाची शेपटी चावून सोडतो, परत येतो, परत चावतो. झटका कधी द्यायचा यातच सगळी अक्कल. ते बाबांना जमणार नाही असं तुम्ही कसं ठरवलंत?

उकडीचा | ६ जुलै, रात्री १०:५२

गांडुळाच्या शेपटीवर वाद. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

गरीवाला | ७ जुलै, सकाळी ६:२०

@खाडीपलीकडे, वाहत जाऊन धरण्याची मजा मान्य, तो मुद्दा मी गाळला. पण ते मे-जूनचं काम. जुलैच्या शेवटी पश्चिमेला उरतात त्यात पोरं जास्त. १५ इंचांखालचा वॉलाय ओहायोत परत सोडावा लागतो. दिवसभर मोजपट्टी लावत बसण्यात काय हशील?

अगदीच_शाकाहारी | ७ जुलै, सकाळी ११:००

मी मासे खात नाही, पण नवऱ्यापायी दरवर्षी बोटीवर असते, म्हणून दोन सूचना.

एक, उलटीची गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा निघायच्या तासभर आधी. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती तशीच बाहेर येते. एरीच्या लाटा उथळ पाण्यामुळे बुटक्या, उभ्या आणि एकामागोमाग एक असतात. समुद्रावर बोट झोके घेते, इथे ती नुसती थडथडते.

दोन, केळी नेऊ नका. पहिल्या वर्षी मी डझनभर केळी आणि केळ्याचे वेफर्स घेऊन चढले. कॅप्टनने पिशवीत डोकावून बघितलं आणि मी जणू साप आणलाय अशा आवाजात म्हणाला, हे काठावर ठेवून या. मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन. उपासाला केळं चालतं आणि बोटीला चालत नाही हे सासूबाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली.

नस्ती_उठाठेव | ७ जुलै, दुपारी १:१०

वय ६९ असेल तर परवाना लागणार नाही. ज्येष्ठांना सूट असते.

गरीवाला | ७ जुलै, दुपारी १:३२

चुकीची माहिती नको, दंड त्या म्हाताऱ्या माणसाला होईल. ज्येष्ठांची सवलत ओहायोच्या रहिवाशांना. पाहुणा म्हणून आलेल्याला परवाना लागतोच. एक दिवसाचा मिळतो, फोनवर पाच मिनिटांत निघतो. पासपोर्ट जवळ ठेवून फॉर्म भरा. मुलालाही काढा. डबा धरणारा कधी दांडी धरेल सांगता येत नाही.

टोलेडोची_माई | ७ जुलै, सायंकाळी ५:४५

पश्चिमेला जायचं तर जुलैतच जा, ऑगस्टवर ढकलू नका. @तळ्यात_मळ्यात, तुम्हीही वाचा.

उन्हाळा चढला की मॉमी नदीच्या तोंडापासून पाणी हिरवं व्हायला लागतं. शेतातलं खत वाहून येतं, त्यातला फॉस्फरस खाऊन पाण्यातलं हिरवं शेवाळ जोमाने वाढतं. काही वर्षी नुसती झाक, काही वर्षी पालकाचं सूप. त्यात मायक्रोसिस्टिन नावाचं विष असू शकतं. २ ऑगस्ट २०१४, शनिवार. सकाळी उठले तर फोनवर सूचना, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, उकळून विष जास्त घट्ट होतं. चार लाखांवर लोक. मी जन्मभर "पाणी उकळून प्या" ऐकत वाढलेली. हातात भांडं घेऊन गॅससमोर उभी, काय करावं सुचेना. दुकानात पाण्याची एक बाटली शिल्लक नाही. मुलाला दूध पावडर कालवायची होती, शेवटी नवरा मिशिगनात जाऊन पाणी घेऊन आला. सोमवारी नळ मोकळे झाले.

तेव्हा हिरवा तवंग दिसला तर तिथलं पाणी अंगाला लावू नका, कुत्र्याला तर अजिबात उतरू देऊ नका, आणि मासा साफ करताना आतडी-काळीज टाकून मांस चांगल्या पाण्याने धुवा. बोटवाले शक्यतो असं पाणी टाळूनच जातात.

आणि मेफ्लाय, म्हणजे पाण्यातून निघणारे पंखवाले किडे, बघायचे राहिले तुमच्या बाबांचे! जूनच्या शेवटी यायला हवं होतं. एका रात्रीत लाखोंनी तळातून वर येतात. हवामानाच्या रडारवर पाऊस आल्यासारखा ढग दिसतो. सकाळी दिव्यांच्या खांबांखाली ढीग, चालताना कुरकुर आवाज, गाड्या घसरतात.

उकडीचा | ७ जुलै, सायंकाळी ६:०५

आमच्याकडे पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाले किडे येतात त्यातलंच की. आजी पाण्याची परात ठेवायची.

टोलेडोची_माई | ७ जुलै, सायंकाळी ६:३०

तसेच, पण बोटाएवढे. आणि इथले लोक नाक मुरडतात तरी मनातून खूश असतात. १९५० च्या दशकात पाणी इतकं खराब झालं की मेफ्लाय पश्चिम भागातून जवळपास गेलेच, ते नव्वदीत परतले. १९६९ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडची कायाहोगा नदी पेटली होती, पाणी पेटलं, तेलाच्या तवंगाने. १९७० मध्ये पाऱ्यामुळे वॉलाय धरणं बंद करावं लागलं. एरी मेलं असं वर्तमानपत्रं लिहायची. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचा करार झाला तेव्हा कुठे नाल्यांना आवर बसला. त्यामुळे खिडकीला किडे चिकटले की आमची शेजारीण, वय ८०, झाडू घेऊन म्हणते, आले मेले, बरं झालं आले.

गरीवाला | ७ जुलै, रात्री ८:१५

आणि ते आले की वॉलाय गळाकडे ढुंकून बघत नाही. खाली मेफ्लायची पोरं फुकट मिळत असताना गांडूळ कोण खाईल? म्हणून म्हणतो, जुलैचा उत्तरार्ध धरा.

ऑन्टारियोकर | ८ जुलै, सकाळी ९:००

पलीकडच्या, कॅनडाच्या काठावरून नमस्कार. आमच्याकडे वॉलायला पिकरेल म्हणतात. मिसिसागाहून दीडेक तासात पोर्ट डोव्हरला जातो, मासे धरत नाही, सरळ हॉटेलात बसून पर्च खातो. परवाना नको, गोळी नको, केळी हवी तेवढी. सगळं ताजं, तिथल्याच बोटींचं.

खाडीपलीकडे | ८ जुलै, सकाळी ९:४०

आणि म्हणूनच आमच्या वाट्याला येत नाही. जाळी लावून उपसता तुम्ही लोक.

ऑन्टारियोकर | ८ जुलै, सकाळी १०:१०

मी? मी फक्त काटा-चमचा लावतो.

पण आलंच आहे म्हणून. दरवर्षी मार्चमध्ये चार राज्यं आणि ऑन्टारियो एकत्र बसून किती मासा काढायचा ते ठरवतात. वॉलायमध्ये ओहायोचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, ऑन्टारियोचा साधारण ४३ टक्के, राहिलेला मिशिगनचा. तुम्ही तुमचा वाटा हौशी लोकांच्या गळाला देता, आम्ही आमचा मच्छीमारांच्या जाळ्याला. मासा मोजूनच जातो. आणि तुमच्या ओहायोच्या हॉटेलात "लेक एरी वॉलाय" म्हणून जो येतो तो कुणाच्या जाळ्यातला? तुमच्याकडे तो विकण्यासाठी धरायला बंदी आहे.

गरीवाला | ८ जुलै, दुपारी १२:२०

वाटणीबद्दल बरोबर. जाळ्याबद्दल माझं मत वेगळं, मरणजाळं (मासा कल्ल्यांत अडकून मरतो ते) शेवटी मरणजाळंच, त्यात नको तो मासाही मरतो. ओहायोने ऐंशीच्या दशकात ती बंद केली ते बरं केलं. पर्चसाठी आमच्याकडेही थोडे लोक सापळाजाळी लावतात. तिच्यात मासा जिवंत राहतो, नको तो सोडता येतो.

पर्च कमी होण्याचं खापर मात्र एकट्या कॅनडाच्या डोक्यावर फोडता येत नाही. मधल्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, तळाला राहणारा मासा तिथून उठतो. पिल्लांची वर्षंही चांगली गेली नाहीत. आणि वॉलाय भरमसाट झालेत, तेही पर्च खातात. ज्याला खाडीपलीकडे राजा म्हणतात तो प्रजेवरच जगतो.

खाडीपलीकडे | ८ जुलै, दुपारी १२:४१

राजे असेच असतात.

मिनेसोटात_कुडकुडणारी | ८ जुलै, दुपारी ३:००

वॉलाय हा आमचा राज्यमासा आहे, १९६५ पासून. तुम्ही लोक परस्पर राजे नेमताय म्हणून नोंदवून ठेवते.

आमच्याकडे मिल लॅक्स नावाचं मोठं तळं आहे, तिथेही वॉलायवरून अशीच भांडणं. ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी १८३७ च्या करारात जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखला. राज्य मानायला तयार नव्हतं. शेवटी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओजिब्वेंच्या बाजूने निकाल दिला. आता मोजून दोन वाटे होतात, आणि बाकीच्यांसाठी कुठल्या मापाचा मासा ठेवायचा याचे नियम उन्हाळ्यागणिक बदलतात.

एक शंका, वॉलायचे डोळे असे पांढरे, मोतीबिंदू झाल्यासारखे का दिसतात?

गरीवाला | ८ जुलै, दुपारी ३:२५

मांजरासारखे. डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. म्हणून तो पहाटे, तिन्हीसांजेला, ढगाळ दिवशी आणि गढूळ पाण्यात खातो. पर्चला दिसायला ऊन लागतं, रात्री तो तळाशी पडून राहतो. पेन्शनीत माणसाला सोयीचा मासा, दहाला सुरू, दोनला घरी.

उकडीचा | ८ जुलै, दुपारी ४:००

वॉलायच्या पोटात शिसं निघालं ती स्पर्धा एरीवरचीच ना?

खाडीपलीकडे | ८ जुलै, दुपारी ४:१२

हो, सप्टेंबर २०२२, क्लीव्हलंड. दोघांनी वजन वाढवायला माशांच्या पोटात शिशाचे गोळे कोंबले होते, वर दुसऱ्या वॉलायचं मांसही. आयोजकाला वजन आणि माशाचं अंग जुळेना, त्याने सगळ्यांदेखत सुरी चालवली. पुढे कोर्ट, गुन्हा कबूल, दहा दिवस तुरुंग.

अगदीच_शाकाहारी | ८ जुलै, दुपारी ४:३०

आमचा दूधवाला इतकी मेहनत घेत नव्हता.

देवगडचो_झील | ८ जुलै, रात्री ९:५०

बाप रे, किती लिहिलंत. सगळं बाबांना वाचून दाखवलं. "राजा नको, प्रजा बरी" असा निकाल दिलाय. १९ तारखेला पोर्ट क्लिंटनहून माणशी तिकिटाच्या मोठ्या बोटीवर दोन जागा घेतल्या.

त्यांचा एकच प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर माहीत नाही: मासे साफ करून देतात म्हणजे टकली आपल्याला देतात ना?

गरीवाला | ८ जुलै, रात्री १०:१०

नाही देत. 😄 मागून घ्या. तिथली सुरी विजेची, एका माशाला दहा सेकंद. दोन पातळ तुकडे तुमच्या पिशवीत, डोकं-काटा-शेपूट पिंपात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काळजात कळ आली. अर्धा मासा गेला.

टोलेडोची_माई | ८ जुलै, रात्री १०:४०

डोक्याचा रस्सा कधीतरी ठीक. पारा मांसात असतो, तो कापून जात नाही. मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. कातडी आणि चरबीत दुसरी रसायनं साठतात, ती काढली की बरीच कमी होतात. पर्च लहान आणि बिनचरबीचा, म्हणून त्यातल्या त्यात निर्धास्त. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आठवड्याला किती खावं याचा राज्याचा तक्ता बघा.

देवगडचो_झील | १९ जुलै, सकाळी ७:३०

पोर्ट क्लिंटनच्या पार्किंगमधून लिहितोय. रद्द. ईशान्येचा वारा, बोट निघणार नाही. पहाटे साडेचारला उठलो होतो. मी वैतागलो, बाबा अजिबात नाही. धक्क्यावर उभे राहून म्हणाले, "बरोबर आसा. ह्या वाऱ्यात आमी पण होडी काढणंव नाय." पाणी मागच्या खेपेपेक्षा फूटभर वर दिसतंय. बाबा म्हणतायत, बघ, भरती.

गरीवाला | १९ जुलै, सकाळी ८:०५

बाबांना सांगा, ती वाऱ्याची भरती. सरोवर लांबट, २४० मैल, आणि उथळ. वारा ईशान्येचा असला की पाणी आमच्या टोकाला चढतं, नैर्ऋत्येचा असला की आमच्याकडून उतरून बफेलोला चढतं. वारा पडला की परातीतल्या पाण्यासारखं मागेपुढे होत राहतं. तिथी बघून उपयोग नाही, पण माणूस चुकीचं काही बोलत नाहीये.

देवगडचो_झील | २७ जुलै, रात्री १०:२०

काल जाऊन आलो. थकलोय, पण आज नाही लिहिलं तर राहून जाईल.

बोटीवर तीसेक माणसं, बहुतेक आजोबा लोक. आईने डबा दिला होता, घावणे आणि चटणी. केळी मी रात्रीच पिशवीतून काढली, तिला न सांगता. शायनरची बादली बघून बाबा म्हणाले, "ह्ये तर मांदेलीएवढे. ह्येच तळूया, जातलंव कित्याक?"

बेटांच्या जवळ तीस फूट पाण्यात नांगर टाकला. बोटीवरच्या पोराने बाबांना दांडी कशी धरायची ते दाखवायला सुरुवात केली. बाबांनी मान डोलावून ऐकून घेतलं, तो गेल्यावर दांडी कठड्याला टेकवून ठेवली आणि तंगूस सरळ तर्जनीवर घेतला. अर्धा तास काहीच नाही. मग थवा आला. बाबांना दोन्ही गळांना एकेक, परत टाकला, परत दोन. मी? माझं आमिष खाऊन जायचे, मला कळायचंच नाही. आणि मग लाटा लागल्या. गोळी सकाळी घेतली होती, आदल्या रात्री नाही. @अगदीच_शाकाहारी ताई, तुमचं ऐकायला हवं होतं. दोन तास मी कठड्याला धरून होतो आणि बाबा शेजारच्या आजोबांशी बोलत होते. बाबांना इंग्रजी येत नाही, त्या आजोबांना मालवणी. तरी उतरताना दोघांनी एकमेकांचे मासे मोजले.

बाबा तीस, मी अकरा. मर्यादेला टेकले म्हणून बाबांना थांबवावं लागलं, याचा त्यांना राग आला. "मोजून मासे? रेशन आसा काय?"

मासे साफ करून घेतले नाहीत. बर्फात घालून घरी आणले, डेकवर पाटी मांडून बाबांनी स्वतः खवलं काढली. पर्चचं खवलं फार चिवट असतं, बोटांना काटे लागले ते वेगळंच. डोक्यांसकट आमसूल घालून तिखलं, त्रिफळं आईच्या डब्यातली. निम्मे तांदळाच्या पिठात घोळून तळले. चव? मऊ, जरा गोडसर. आई म्हणाली मुडदुशांची आठवण येते. बाबा म्हणाले, "मीठ जरा जास्त घाल, ह्येंका समुद्र ठाऊक नाय."

मिनेसोटात_कुडकुडणारी | २७ जुलै, रात्री १०:४५

गाबोळी निघाली का?

देवगडचो_झील | २७ जुलै, रात्री १०:५१

नाही ना. बाबांनी प्रत्येक पोट आशेने उघडलं.

गरीवाला | २७ जुलै, रात्री ११:१५

पर्च वसंतात अंडी घालतो. गाबोळी पाहिजे तर पुढच्या वेळी त्यांना मार्च-एप्रिलमध्ये बोलवा. तीस धरले? बोटावर दोरा घेऊन? माझा नमस्कार सांगा.

खाडीपलीकडे | २७ जुलै, रात्री ११:४०

अभिनंदन. आणि पुढच्या जूनमध्ये माझ्या बोटीवर, गांडूळ माझं. बाबांना राजा दाखवल्याशिवाय मी हा धागा सोडणार नाही.

तळ्यात_मळ्यात | २८ जुलै, सकाळी ९:१०

सासऱ्यांचं काय करू? ते नांदेडचे, पोहता येत नाही, आणि ऑगस्टात येतायत.

टोलेडोची_माई | २८ जुलै, सकाळी ९:३०

पोर्ट डोव्हर. काटा-चमचा.

देवगडचो_झील | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

धागा वर काढतोय, तातडीचं आहे. बाबांनी त्या दिवसानंतर एक जुनी दांडी मिळवली आहे (शेजाऱ्याच्या गॅरेजमधून, कशी ते विचारू नका) आणि रोज गावातल्या धक्क्यावर बसतात. आज दोन मोठे मासे आणलेत, चंदेरी, पाठीला कुबड, प्रत्येकी दोन-तीन किलो. धक्क्यावरचे लोक म्हणे हा मासा धरला की शिव्या घालून परत फेकतात. एकाने बाबांना आपलाही देऊन टाकला. बाबा म्हणतायत पाण्याबाहेर काढल्यावर तो घुमत होता, घुर्र घुर्र. आणि आवाज ऐकून त्यांनी सांगितलं, "हो ढोम्याचो भाऊ." हे कसं शक्य आहे? आणि खायचा का?

गरीवाला | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६:५८

सोळा वर्षांत मी हे जोडलं नव्हतं. तो शीप्सहेड, म्हणजे गोड्या पाण्यातला ड्रम मासा. ढोमा, घोळ, त्याच कुळातला. इथल्या महासरोवरांत त्या कुळाचा तो एकटाच. आवाज पोटातल्या फुग्याजवळचे स्नायू थरथरवून काढतो. बाबांचं बरोबर आहे.

खातात, पण लगेच बर्फात घालायला हवा, नाहीतर मांस रबरासारखं होतं. मोठा आहे तेव्हा माईंचं पाऱ्याबद्दलचं लक्षात ठेवा. डोकं टाकू नका, आत कानाजवळ दोन पांढरे दगड असतात, हस्तिदंतासारखे. इथली पोरं किनाऱ्यावर ते शोधतात, नशिबाचे दगड म्हणतात.

देवगडचो_झील | ३ ऑगस्ट, रात्री ८:२५

बर्फात घातला नव्हता. दगड सापडले, चार. नातीच्या मुठीत आहेत, देत नाहीये. तिखलं चुलीवर आहे. आई खिडक्या उघडतेय.